गोणीखोलीतली चांगली जागा

मला टीबी नव्हता. तरी टीबीच्या गोळ्यांचा कोर्स मी दोन वेळा पुरा केला, एक दिवससुद्धा न चुकवता. लघवी लाल व्हायची, भाकरी समोर आली की मळमळायचं, पाड्यावरच्या माणसांनी माझ्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. आणि मी आपली रोज सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन बसायची, आज ना उद्या धाप थांबेल म्हणून.

मी सोनी. साखरशेतच्या पुढं आमचा पाडा आहे, भात आणि नाचणी करणारी माणसं आम्ही. शाळेत मी गेले नाही. माझा जयराम शाळेत जायचा तेव्हा त्याच्या पाटीवरून अक्षरं उचलली, मग जव्हारच्या बाजारातून सामानाला गुंडाळून कागद यायचे ते वाचून वाचून सरावले. तेव्हा कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. बोलायची मला फार सवय, तशीच लिहिते. हे लिहिते ते अशासाठी, की आमच्याकडं दगडाच्या मिलची जीप अजून येते आणि बायका अजून त्यात बसतात. ज्यांना हा आजार झालाय त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरात झालाय त्यांनी तर आधी वाचावं. गोड वाटेल असं यात थोडंच आहे, ते आधीच सांगून ठेवते.

ओळ लावणारी

घाटाखाली, मोठ्या रस्त्याच्या कडेला गारगोटीचा पांढरा दगड दळायची मिल होती. एका टोकाला दगड फोडायच्या मशीनच्या जबड्यात जायचा, तिथून पट्ट्यावरून चक्कीत, मग चाळणीत, आणि दुसऱ्या टोकाला गोणीखोलीत पावडर पडायची. तांदळाच्या पिठाहून मऊ. काच करायला लागते म्हणायचे.

भात घरात आलं, दिवाळी झाली की जीप यायची. पाड्यावरच्या बारा बायका माझ्या शब्दावर जायच्या. ठेकेदार होता, पण तो नावाला. कुणी कुठं उभं राहायचं ते मी ठरवायची. आता आवणीला, भाताची रोपं लावताना, आपण काय करतो? जिचा अंदाज चांगला ती बाई ओळ लावते. नवी पोर दोन जुन्या बायांच्या मध्ये, कंबर धरलेली बांधाच्या कडेला. मिलमध्ये मी तशीच ओळ लावली.

पहिल्या दिवशीच सगळी मिल फिरून बघितली. धोका ओळखायची आमची रीत एकच, रक्त कुठं सांडेल? पट्टा पदर ओढेल. जबडा बोटं खाईल. दगडाचा ढीग घसरला तर पाय जाईल. एवढं बघायचं आणि त्याप्रमाणं माणूस उभं करायचं. पट्ट्याचा आवाज जरा बदलला की मी ऑपरेटरच्या आधी सांगायची, आज हा तुटणार. तुटायचा. ऑपरेटर उत्तरेकडचा होता, तो म्हणायचा, "अम्मा के कान में मीटर लगा है." मला बरं वाटायचं. सहा हंगामात माझ्या बायांतल्या एकीचं बोट गेलं नाही. हे मी छाती काढून सांगायची.

धुळीचं कुणी मनावरच घेतलं नाही. आम्ही जात्यावर वाढलेल्या. अंगावर पीठ उडालेलं दिसलं म्हणजे त्या घरात दाणे आहेत, असं आमच्याकडं समजतात. संध्याकाळी मॅनेजर गुळाची ढेप द्यायचा. गूळ खाल्ला की धूळ घशातून पोटात उतरते आणि सकाळी बाहेर पडते, असं तो सांगायचा आणि आम्हाला ते पटायचं. खडे फोडून वाटायचं काम माझं होतं.

रंजना

रंजना माझ्या भावाची मुलगी, जामसरची. जयरामला दिली म्हणून माझी सून झाली, पण मला आत्याच म्हणायची. तोंडाची फटकळ. हसली की डोळे मिटायचे तिचे. मिलवर पहिल्यांदा आली तेव्हा चौथा महिना होता.

"आत्या, मी कुठं उभी राहू?"

"तू उभी राहायचंच नाय. तू बसायचं."

तिला मी गोणीखोलीत बसवलं. पावडर वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून ती खोली चारी बाजूंनी बंद होती. वर पत्रा, एक दार. आत पट्टा नाही, जबडा नाही, डोक्यावर ऊन नाही. डब्यावर बसायचं, नळीच्या तोंडाला गोणी धरायची, भरली की सुतळीनं शिवायची. सगळ्या बायकांचा त्या जागेवर डोळा. आमच्यात बुधी म्हणून एक आहे, माझ्याच वयाची. ती फणकारली, "भाची म्हणून सावलीत. आम्ही काय दगडातून जन्मलो?"

"तुझं पोट पुढं आलं की तुलाही बसवीन," मी म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. बुधीला नातवंडं आहेत.

पहिल्या दिवशी रंजनानं ओढणी नाकातोंडावरून घट्ट बांधली. बुधीनं दारातून डोकावलं. "आली बघा नवरी! नवऱ्याला लाजतेस का गोणीला?" पुन्हा हशा. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. दुसऱ्या दिवशी तिनं ओढणी बांधली नाही.

मुलगी झाली, दीपाली. ती आजोळी जामसरला राहू लागली आणि रंजना पुढच्या हंगामाला परत त्याच डब्यावर. तिचा हात इतका बसला होता, की गोणीत पावडर भरताना वजन बघायला काटा लागायचा नाही. जागा तिचीच झाली. असे चार हंगाम.

साहेब येऊन गेला

तिच्या पहिल्या हंगामातलीच गोष्ट. एक दिवस मॅनेजरनं सकाळीच जमिनीवर पाणी मारायला लावलं. बारा पांढरे मास्क वाटले. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तपासणीवाला साहेब येतोय. पोटुशी बाई दिसली तर घरी पाठवील. गोणीखोली बंद ठेव. पोरीला सांग, आवाज करायचा नाय."

मी रंजनाला सांगितलं, कडी बाहेरून लावली.

साहेब तरुण होता. डोक्यावर पिवळा टोप, हातात फळी आणि कागद. एक छोटं यंत्र होतं त्याच्याकडं, हवेतली धूळ ओढून घेणारं. सगळीकडं फिरला, मग मॅनेजरला म्हणाला, तुम्ही जरा लांब थांबा. आणि माझ्याकडं आला.

"आजी, तुम्ही इथल्या जुन्या. खरं सांगा. इथं जिवाला धोका कुठं आहे?"

अख्ख्या आयुष्यात कुणी साहेबानं मला असं विचारलं नव्हतं. मी फुलले. त्याला पट्ट्यापाशी नेलं, पदर कसा ओढला जातो ते माझ्या पदरानं दाखवलं, आवाजाचं सांगितलं. तो भराभरा लिहीत होता. म्हणाला, "आमच्या पुस्तकातसुद्धा एवढं नीट नसतं हो." मग मान वळवून म्हणाला, "त्या दाराआड काय आहे?"

"रिकाम्या गोणी, साहेब. तिथं कुणी बसत नाय."

त्यानं ते यंत्र पट्ट्यापाशी टांगलं. संध्याकाळी काढून घेऊन गेला. मास्क मॅनेजरनं मोजून परत घेतले.

महिन्याभरात पट्ट्याला लोखंडी जाळी बसली. मी पाड्यावर सांगत सुटले, माझ्या बोलण्यानं बसली म्हणून. खरंही होतं ते. त्या जाळीनं पुढं एकदा बुधीचा पदर वाचला, कदाचित जीवही. गोणीखोलीला काहीच बसलं नाही, कारण तिथं कुणी बसत नव्हतं. मीच सांगितलं होतं.

फोटोवरची वरई

माझं दुखणं चढावरून कळलं. विहिरीवरून हंडा घेऊन चढताना पहिल्यांदा एकदा थांबायला लागलं, मग दोनदा, मग हंडा खाली ठेवायला लागला. कोरडा खोकला. वजन उतरलं. थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही, तरी छातीच्या फोटोवरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी फरक नाही म्हणून परत सुरू झाल्या. त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. काय काम करतेस विचारलं की मी सांगायची, शेती.

शेवटी जयरामनं मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दसऱ्याच्या आधीचे दिवस, इकडं नाचणी पिकत आलेली. तिथली डॉक्टरीण माझ्या सुनेपेक्षा थोडी मोठी वाटावी अशी. तिनंही तेच विचारलं.

"काय काम करता?"

"शेती."

"आणि शेती नसते तेव्हा?"

दोन वर्षांत हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मिलचं सांगितलं. तिनं फोटो उजेडाला धरला. काळ्या घोंगडीवर मूठभर वरई सांडावी तसे ठिपके, दोन्ही बाजूंना. ती म्हणाली, "आजी, हा टीबी नाही. दगडाची बारीक धूळ छातीत जाऊन बसलीय. सिलिकोसिस म्हणतात याला."

खरं सांगू? मी हात जोडले तिला. टीबी नाही म्हटल्यावर मला वाटलं, सुटले. आता माझ्या घरचं पाणी माणसं पितील.

"मग कधी बरं होईल?"

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "हे बरं होत नाही. गोळ्यांनी ती धूळ निघत नाही. वाढू नये, त्रास कमी व्हावा, एवढंच आपण करायचं."

मी तिला गुळाचं विचारलं. ती म्हणाली, "गूळ पोटात जातो, आजी. धूळ छातीत जाते. दोघांची वाट वेगळी." एवढी साधी गोष्ट. कोंबडी कापणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं. मी कोंबड्या कापलेल्या आहेत.

मग तिनं मला कागद दिला. मिल कशी होती, कोण कुठं उभं राहायचं, काढा म्हणाली. मी काढली. जबडा, पट्टा, चक्की, चाळण. बायांचे बारा ठिपके. चित्र बघून ती खूश झाली.

"आता सांगा, सगळ्यात बारीक धूळ कुठं असायची? जिथं समोरचं माणूस दिसायचं नाही?"

माझं बोट आपोआप गोणीखोलीवर गेलं. कुणी सांगायला लागलं नाही. म्हणजे माझ्या बोटाला ठाऊक होतं.

"इथं कोण बसायचं?"

"सून. माझी भाची."

"वय?"

"पंचवीसेक असेल."

तिनं पेन खाली ठेवलं. "तिला घेऊन या. याच आठवड्यात. आणि काही झालं तरी तिला परत त्या कामावर पाठवू नका. आता थांबली तर वेगळं, अजून धूळ गेली तर वेगळं. कळलं का आजी?"

"कळलं," मी म्हटलं. जयराम तेव्हा बाहेर कागदांच्या रांगेत होता.

अकरा दिवस

त्या दवाखान्यात मी अकरा दिवस होते. सकाळी सहाला मावशी फरशी पुसायला यायची, तिच्या बादलीच्या आवाजानं जाग. मग तोंडावर वाफेचा मास्क. मग चहा. मग सहा मिनिटांची चाल. सिस्टर व्हरांड्यात घड्याळ घेऊन उभी आणि आपण एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालायचं. मी दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर चढलेली बाई, आणि तिथं सहा मिनिटांत तीनदा भिंत धरली. शेजारच्या खाटेवर मोखाड्याकडची एक म्हातारी होती, तिला दमा. ती म्हणायची, "सोनीबाय, तू भिंत धर, मी तुला धरते, म्हणजे सिस्टरला वाटेल दोघी नाचतात." अशी माणसं भेटली म्हणून दिवस गेले. मावशी स्वतःच्या डब्यातली चटणी द्यायची. तोंडाला चव त्या चटणीनं आली, हे लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी रंजना आली. नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची भाजी. केस विंचरून दिले. विंचरता विंचरता खोकली. कोरडा, टोकाला शिट्टी वाजल्यासारखा. माझाच खोकला, नवा कोरा.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझी नक्कल करते," ती म्हणाली आणि डोळे मिटून हसली.

डॉक्टरीण तेव्हा समोरच्याच वॉर्डात होती. वीस पावलं. मी हाक मारली नाही.

जयरामनं विचारलं, "टीबी नाय ना? मग काय म्हणाली?"

"धुळीचं हाय. म्हातारपणी त्रास देतं."

हे वाक्य मी जुळवून ठेवलं होतं. का, ते सांगते, लपवत नाही. खरं बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, तिला तिथं कुणी बसवलं. आणि पाड्यावर बारा घरं. बारा दारांत हाच प्रश्न. ज्या बाईला कान में मीटर म्हणायचे, जिच्या शब्दावर पोरी पाठवायचे, तिनं आता दारोदार जाऊन काय सांगायचं? भावाला काय सांगायचं? आजाराला मी घाबरलेच होते, पण माझ्या नावाला त्याहून जास्त घाबरले. आजारी माणसाला सगळे गरीब गाय समजतात. आजारी माणूस गरीब असतंच असं नाही.

जीप

दिवाळी झाली. जीप आली. मी जाणं शक्यच नव्हतं, ओळ लावायला आता बुधी होती.

तोपर्यंत मी रोज ठरवायची, आज सांगते. दळताना सांगते. भाजी निवडताना सांगते. मग मनाशी म्हणायची, एका हंगामानं काय होतंय? चार झाले, त्यात हा एक. शिमग्याला आली की नेऊ फोटोला. चार महिन्यांचा तर प्रश्न. असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते मला शहाणपणाचं वाटायला लागलं.

रंजना पिशवी घेऊन ओटीवर आली. दीपालीला तिनं आदल्या दिवशीच जामसरला सोडली होती. माझी उशी नीट केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

"जयरामला चहा करता येतो, भाकरी नाय. भाकरी शेजारच्या काकूकडून घ्या. आणि आत्या, उगाच उठू नको."

"बाहेरचं काम मिळतंय का बघ," मी म्हटलं. "आत कोंदट होतं."

"बाहेर पट्ट्यापाशी?" ती हसली. "तूच मारशील मला."

बुधी जीपमधून ओरडली, "चल गं सावलीवाली!"

मी कमरेची पुडी काढली आणि गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. डॉक्टरणीनं गुळाचं सांगितल्यावर दीड महिन्यानं. ठाऊक असताना. हात सवयीनं गेला असं म्हणता आलं असतं, पण मी म्हणत नाही. काहीतरी दिल्यासारखं वाटावं म्हणून दिला.

जीप गेली.

शिमग्यानंतर

शिमग्याला आली तेव्हा ब्लाउज अंगावर लोंबत होता. होळीभोवती नाचायला उठली, दोन फेऱ्यांत खाली बसली. कुणीतरी म्हणालं, परत पोटुशी असेल. मी त्या रात्रीच जयरामला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. डॉक्टरणीनं दिवाळीच्या आधी काय सांगितलं होतं, ते गाळलं.

तिचा फोटो माझ्यापेक्षा वाईट निघाला. माझ्यात वरई सांडलेली, तिच्यात गोळे बांधलेले. तीच डॉक्टरीण. तिनं फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. जयराम शेजारी उभा होता. ती एवढंच म्हणाली, "आजी, आता आणलंत?"

जयरामला तेवढं पुरलं. एस्टी जव्हारच्या डेपोत थांबली, त्यानं बायकोसाठी पाण्याची बाटली आणली, माझ्यासाठी नाही. घरी आल्यावर म्हणाला, "तिथं तूच बसवलीस. ते जाऊ दे, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती 'आता' का म्हणाली?"

मी खोकत राहिले. खोकला खराच होता, पण मी तो थांबवला नाही. त्यानंतर आजतागायत तो मला आय म्हणत नाही. "ए" म्हणतो, नाहीतर बाहेरून कडी वाजवतो. भाऊ जामसरहून आला, लेकीजवळ बसला, माझ्याकडं न बघता गेला.

मग मी एक केलं. भिंती धरत धरत बाराही घरांत गेले, दोन दिवस लागले. सांगितलं, फोटो काढा. गोणीखोलीचं सांगितलं, साहेबाचं सांगितलं. चौघी गेल्या, तिघींना निघालं. बुधी त्यातली एक. ती म्हणाली, "सोनी, तू आम्हाला पट्ट्यापासून वाचवलंस गं," आणि दार लावून घेतलं.

एक नळी

हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन माझ्या नावावर मिळालं होतं. रंजनाचे कागद अजून फिरत होते. घरात दोन छात्या आणि नळी एक. आम्ही वेळ वाटून घेतली. घड्याळ समोर, एक तास तिचा, एक तास माझा. मी माझा अर्धा तास झाला की काढायची, ती घालायची नाही. "चोरी नाय करायची आत्या, घड्याळ बघ." लाईट गेली की मशीन बंद, मग दोघी ओटीवर पुढं वाकून बसायचो, गुडघ्यावर हात टेकून, पुतळ्यासारख्या. ती म्हणायची, "बघ, सासू-सून कशा एकसारख्या दिसतात."

आवणी चालू होती. सगळा पाडा शेतात. दुपारची वेळ, नळी तिच्याकडं होती.

"आत्या, एक विचारू?"

मला वाटलं, आता आलं; साहेबाचं बारा घरांत सांगितलं होतं, तिला अजून नव्हतं. मीच सुरुवात केली. "तो साहेब आला होता ना, त्या दिवशी मी त्याला..."

"ते नाय." तिनं हात हलवला. बोलताना ती दर दोन शब्दांनी थांबायची. "मी दाराआडच होते. सगळं ऐकलं. खोकला येत होता, तोंडात ओढणी कोंबली. मला पण तिथंच बसायचं होतं. सावली होती. ते सोड."

इतके महिने ज्या गोष्टीपासून मी पळत होते ती तिला पहिल्यापासून ठाऊक होती. ज्यासाठी मी गप्प बसले ते लपवण्यासारखं नव्हतंच.

"जीप आली होती तेव्हा," ती म्हणाली. "दिवाळीनंतर. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

मशीनचा घर्रघर्र आवाज. मला धाप लागलेली, गप्प राहिले असते तरी चाललं असतं. तिनंही पुन्हा विचारलं नसतं, ती तशी नव्हती.

"हो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं."

आणि नाकातली नळी काढून माझ्यापुढं धरली. "घे. तुझी वेळ झाली."

झाली नव्हती. घड्याळात अजून वीस मिनिटं होती. मी नको नको म्हणत होते आणि ती हात पुढं धरूनच बसली होती, ओठ निळे पडेपर्यंत. शेवटी मीच ती नळी तिच्या नाकात परत घातली. तिनं घालू दिली. तोंड मात्र भिंतीकडं केलं.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली. दीपालीच्या केसांना तेल लाव, कोंबड्या आत घे, तुझी औषधाची गोळी राहिली. सगळं बोलली, तेवढं एक सोडून. नवव्या दिवशी गेली. डोळे मिटले तेव्हा हसतेय असं वाटलं, पण ती हसत नव्हती.

आता लिहायचं थोडं उरलंय. तुमच्याकडं कुणी दगड दळायला, फोडायला, गोणी भरायला जात असेल आणि खोकत असेल तर डॉक्टरला शेती सांगू नका. काम सांगा. कुठं बसता ते सांगा. धोका विचारायला कुणी साहेब आला तर बंद दार उघडून दाखवा. आणि रक्त सांडत नाही म्हणून कुठलीही जागा चांगली समजू नका.

हे सगळं मी नळी काढून जीपपाशी जाऊन सांगते हल्ली. कुणी ऐकतात, कुणी म्हणतात म्हातारीचं डोकं फिरलंय. मशीन आता दिवसरात्र माझंच आहे. नळी नाकात असली की मला दहा-बारा शब्द सलग बोलता येतात. रंजना जीपमध्ये चढत होती त्या सकाळी मला याहून पुष्कळ जास्त येत होते. "जाऊ नको" म्हणायला दोनच लागले असते.